काजूच्या कारखान्यात ट्रेनिंग केलं, तर मला कोण विचारणार?

नमस्कार मॅडम,

मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहते, बीएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. सहाव्या सत्रात आम्हाला चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे. जागा ज्याची त्याने शोधायची. वर्गातल्या बऱ्याच जणी मुंबईला नातेवाइकांकडे राहून करणार आहेत. माझा मावसभाऊ घाटकोपरला असतो. तो म्हणतो, ओळखीच्या एका कंपनीत 'मार्केटिंग इंटर्न' म्हणून लावतो. पैसे मिळणार नाहीत, आणि काम काय असेल ते त्यालाही नीट माहीत नाही. वर्गातल्या दोघांनी साडेतीन हजार भरून ऑनलाइन सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलंय, त्यात काम काहीच नाही. आमच्या गावापासून एसटीने दोन थांब्यांवर एक काजूचा कारखाना आहे. मालक बाबांच्या ओळखीचे. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, ते म्हणतात तिथेच जा. पण तिथे वीसेक बायका बी फोडतात, हिशेब एक वयस्कर काका वहीत लिहितात, कॉम्प्युटरसुद्धा नाही. मी तिथे मॅनेजमेंट काय शिकणार? आणि बायोडेटावर काजूच्या कारखान्याचं नाव वाचून मला कोण विचारणार? आईच्या बचत गटाचं कोकमाचं थोडं काम असतं, पण ते काही ट्रेनिंगमध्ये धरणार नाहीत. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी, कुडाळ तालुका

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्तर आधी देते, कारणं मग सांगते: काजूच्या कारखान्यात जा. बाबा बरोबर सांगतायत. फक्त ते ओळखीपोटी आणि तू घराजवळ राहशील म्हणून सांगतायत, माझी कारणं वेगळी आहेत. ती पटली तरच जा. मनाविरुद्ध गेलीस तर तिथेही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसशील आणि १२० तास मोबाइलवर निघून जातील.

साडेतीन हजारांच्या सर्टिफिकेटचा विचार डोक्यातून काढून टाक. ज्या दोघांनी ठरवलंय त्यांनाही माझा निरोप दे, अजून पैसे भरले नसतील तर भरू नका म्हणावं. काम न करता काम केल्याचा कागद घेणं ही फसवणूक आहे, आणि उद्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी 'तिथे रोज काय करत होतास?' एवढं विचारलं तरी घाम फुटेल. शिवाय जी संस्था काम देण्याआधी तुमच्याकडेच पैसे मागते, तिचा धंदा तुम्हाला शिकवण्याचा नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. मॅनेजमेंट कुठे शिकायला मिळतं? इतक्या वर्षांत मी यासाठी एकच कसोटी धरलीय. तुझ्या हातून चूक झाली तर तिथे कुणाचं काही बिघडतं का? बिघडत असेल तर तिथे शिकशील. तुझ्या असण्या-नसण्याने काही फरकच पडत नसेल, तर जागा कितीही चकचकीत असो, तिथे तू पाहुणी आहेस.

बाबा कंडक्टर आहेत म्हणतेस. ड्यूटी संपली की डेपोत तिकिटांचा हिशेब आणि बॅगेतली रोकड जुळवून ते भरणा करतात. कमी पडले तर पदरचे घालावे लागतात. उभ्या माणसांनी भरलेल्या गाडीत, सुट्ट्या पैशांच्या ओढाताणीत, घाटातल्या वळणांवर ते हे कसं सांभाळतात, कधी विचारलंस? नोकरीच्या पहिल्या महिन्यात किती वेळा खिशातले गेले, तेही विचार. आज रात्री जेवताना विचार. रोख व्यवहाराच्या शिस्तीवरचा त्याहून चांगला तास तुला कुठल्या कॉलेजात मिळणार नाही.

माझं स्वतःचं सांगते. १९८६ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीजवळच्या एका बागायतदारांकडे पेट्यांची नोंद ठेवायला जायचे. पडवीभर आंबा, पेंढ्याचा तो वास, आणि खिळे ठोकल्याचा आवाज संध्याकाळपर्यंत. फळाच्या आकारावर पेटी ठरते हे तुला माहीत असेलच. मोठं फळ असलं की पेटीत चार डझनच बसतं, बारीक असलं की सहा, सात. भाव डझनावर नाही, फळावर. माझं काम एवढंच की कुठल्या प्रतीच्या किती पेट्या ट्रकमध्ये चढल्या त्याची चिठ्ठी लिहायची. एका संध्याकाळी ४० पेट्या गेल्या. पाच डझनी २२ आणि सहा डझनी १८. मी लिहिताना उलटं लिहिलं. चार दिवसांनी मुंबईहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आला, त्यातली विक्री चिठ्ठीशी जुळेना. बागायतदारांना वाटलं दलालाने हात मारला. ट्रंक कॉल लावून ते त्याला नको नको ते बोलले. वीस वर्षांचा व्यवहार त्या फोनवर तुटायला आला होता. रात्री मी माझी कच्ची वही काढून बघितली आणि पायाखालची जमीन सरकली.

सकाळी जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दलालाला परत फोन लावला, माझ्यादेखत माफी मागितली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पेटी चढताना मला मोठ्याने आकडा म्हणायला लावला. पुढे तीस वर्षं मी कॉमर्स शिकवलं. 'अंतर्गत नियंत्रण' हा धडा आला की माझ्या डोळ्यांपुढे पुस्तक येत नसे, ती पडवी यायची. पट्टी कशी वाचायची तेही त्याच महिन्यात शिकले. वर ढोबळ विक्री, खाली भाडं, हमाली, आडत वजा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात राहतं ते. नफा-तोट्याचं पत्रक मला परीक्षेत कधी अवघड गेलं नाही, त्याचं मूळ तिथे आहे.

घाटकोपरबद्दल. मुंबई वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे एखाद्या छोट्या कंपनीत कुणी तुला हाताशी धरून काम देणार असेल तर जरूर जा. पण भावाला दोन प्रश्न विचारायला सांग: मी रोज कुणाला काय करून देणार, आणि ते कोण तपासणार? याचं उत्तर नसेल तर त्या १२० तासांत तू फाइलींना नंबर घालशील किंवा फोन नंबरांची यादी टाइप करशील. त्यासाठी महिना-दीड महिना दुसऱ्याच्या घरी राहायचं, गर्दीची लोकल पकडायची, बाबांनी वर पैसे पाठवायचे. नोकरीला लागल्यावर हे सगळं करायचंच आहे. आत्ता फुकट कशाला?

आता कारखाना. तुला तिथे वीस बायका आणि एक वही दिसली. मला काय दिसतं ते सांगते.

फेब्रुवारीअखेर बी यायला लागते, मेपर्यंत येत राहते. मालकाला वर्षभराचा कच्चा माल या तीन महिन्यांत उचलायचा असतो, कारण पावसाच्या आत सुकी बी गोदामात पडली नाही तर बुरशी धरते. समज, भाव १२० रुपये किलो आहे आणि त्यांनी दहा टन घेतली. बारा लाख रुपये गोणीत जाऊन बसले. ते कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेकडून उचललेले, असतील आणि व्याज दहा टक्के धरलं, तर माल नुसता पडून राहण्याचे महिन्याला दहा हजार. वर्किंग कॅपिटलची व्याख्या तुला पाठ असेल. ती गोदामात थप्पीला हात लावून एकदा वाच.

त्याआधी खरेदी आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. ओल्या बीला वजन असतं, ते खळ्यात उन्हाने उडून जातं. १०० किलो घेतली आणि वाळून ९४ भरली, तर १२० ची बी तुला १२८ ला पडली. पुढे उतारा, म्हणजे बीतून किती गर निघतो ते. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो असं ढोबळ मानतात, पण या 'साधारण' शब्दात कारखाना तरतो किंवा बुडतो. त्या ९४ किलोला २७ टक्के उतारा पडला तर गर निघाला २५ किलो ३८० ग्रॅम, म्हणजे किलोभर गरामागे नुसत्या बीचा खर्च ४७३ रुपये. उतारा २५ टक्के पडला तर तोच खर्च ५११. किलोमागे ३८ रुपयांचा फरक, आणि अजून मजुरी, वीज, व्याज, पॅकिंग काहीच धरलेलं नाही. दोन टक्क्यांनी काय होतं, हे वर्गात फळ्यावर सांगून मुलांच्या डोक्यात जात नाही. मी सांगून बघितलंय.

म्हणून तुझ्यासाठी पहिलं काम मी हेच सुचवते. प्रत्येक नवीन खरेदीतून एक किलो बी नमुना म्हणून घे. मोज, किलोत किती बिया बसतात. वेंगुर्ला-७ या जातीची बी असेल तर एकेक दहा ग्रॅमच्या आसपास, किलोला शंभरेक भरतील. गावठी झाडाची असेल तर दोनशेच्याही वर जातील. मग त्या सगळ्या फोडून घे. चांगला गर वेगळा, किडका, सुरकुतलेला, काळा पडलेला वेगळा. दोन्ही वजन कर, लिही: तारीख, कुणाकडून घेतली, कुठल्या गावची, किती ओली. मोठे खरेदीदार हेच करतात. आपल्याकडे कारखान्यांना वर्षभर पुरेल एवढी बी पिकत नाही म्हणून आफ्रिकेतून येते, आणि त्या बीचा सौदाच ८० किलोच्या गोणीमागे किती पौंड गर निघेल यावर होतो. ४८ पौंड म्हणजे २७ टक्क्यांच्या जरा वर. लहान कारखान्यात हे सगळं मालकाच्या आणि जुन्या बायकांच्या हाताला माहीत असतं, कागदावर मात्र नसतं. ट्रेनिंग संपेपर्यंत तुझ्याकडे चाळीसएक नमुन्यांचा तक्ता असेल आणि कुठल्या भागातली, कुठल्या पंधरवड्यातली बी परवडते ते तू मालकांना आकड्यात दाखवशील. त्यांच्या वहीत न मिळणारी गोष्ट तू त्यांना देशील, लक्षात येतंय ना?

कॉम्प्युटर नाही म्हणून तू खट्टू झालीस, मला उलट ती संधी वाटते. मोबाइलवर साधी एक्सेल शीट उघड. हिशेब बघणाऱ्या काकांना बाजूला सारू नकोस, त्यांच्या शेजारी बस. त्यांची वही कशी लिहिलेली आहे ते आधी समजून घे, आणि पहिले पंधरा दिवस वहीतलंच जसंच्या तसं शीटवर उतरव.

मग फोडणाऱ्या बायका. एक पूर्ण दिवस त्यांच्यात बस. वेंगुर्ल्याजवळच्या एका कारखान्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, तेव्हा एका मावशींनी माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुठीत बी ठेवली आणि म्हणाल्या, "चेडवा, कानाकडे धर नि हलव. खुळखुळली तर सुकली. नाय तर अजून ओली आसा." त्या मुलीने दोन-तीन मुठी हलवून बघितल्या आणि चौथ्या मुठीला तिला फरक ऐकू आला. तिचा चेहरा मला आजही आठवतो.

वाफवलेली बी पायाच्या दांड्याने आणि हाताने चालवायच्या कटरवर एकेक फोडतात. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हाताला खायचं तेल किंवा राख चोळून बसतात, काही ठिकाणी हातमोजे असतात. गर अख्खा निघाला तर भाव वेगळा, पाकळी झाली तर वेगळा, तुकडा झाला तर आणखी खाली. अख्ख्यातही प्रती आहेत. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, डब्ल्यू-१८० म्हणजे १७० ते १८०. आकडा जेवढा लहान, गर तेवढा मोठा आणि महाग. आता हा विचार कर: मजुरी बऱ्याच ठिकाणी किलोवर असते. किलोवर मजुरी म्हटल्यावर हात घाईने चालणार, आणि घाईत गर फुटणार. अख्ख्या गराला थोडी जास्त मजुरी दिली तर काय होईल? कटरचं पातं किती दिवसांनी बदलतात? वाफ कमी-जास्त झाली त्या दिवशी तुकडा वाढतो का? प्रेरणेचे सिद्धांत तुम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवले असतील. त्या मावशींना विचारलंस तर दहा मिनिटांत त्याहून नेमकं काहीतरी सांगतील, कारण त्यांच्या घरात संध्याकाळी किती पैसे येणार ते त्यावर ठरतं. विचारताना मान ठेवून विचार, आणि दुपारी डबा त्यांच्यातच बसून खा.

बी फेब्रुवारीअखेर येणार. तू फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू केलंस तर आधीचे आठवडे येणी बघ. गोवा, कोल्हापूर, मुंबईच्या कुठल्या दुकानदाराकडे किती रुपये, किती दिवसांपासून अडकलेत, त्याची यादी: ३० दिवसांच्या आतली, ३० ते ४५, त्यापुढची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, तो वाच आणि मालकांची उद्यम नोंदणी आहे का ते विचार. मग काकांबरोबर बसून जुन्या येण्यांसाठी फोन कर. पैसे मागायचे आणि गिऱ्हाईकही टिकवायचं, ही कसरत तू एकदा केलीस की मुंबईतल्या कुठल्याही विक्री विभागात तुझी जीभ अडखळणार नाही.

आता मालकांशी बोलायचं कसं. बाबांना बरोबर ने, पण बोल तू. "काका, मला शिकायला येऊ द्या" एवढंच म्हणालीस तर ते चहा पाजतील आणि सही-शिक्का कधी हवा विचारतील. त्याऐवजी काम घेऊनच जा: "फेब्रुवारीपासून आठवड्याला तीन दिवस, रोज पाच तास येईन. आठ आठवड्यांत १२० तास होतात. तुमची येणी लिहून काढीन आणि बी आली की प्रत्येक खरेदीचा नमुना फोडून उतारा काढीन. चुकलं तर ओरडा." परीक्षेचं वेळापत्रक बघून हे आठवडे पुढे-मागे कर.

एका गोष्टीला ते बिचकतील, आणि त्यांचं बिचकणं रास्त आहे. आपले भाव, आपली उधारी कॉलेजच्या रिपोर्टात गेली की गावभर होईल, ही छोट्या धंद्यातल्या प्रत्येकाची भीती असते. ती आधीच काढून टाक. रिपोर्टात दुकानदारांची नावं लिहिणार नाही, भाव रुपयात न देता पहिल्या आठवड्याचा भाव १०० धरून त्या प्रमाणात देईन, आणि छापायच्या आधी तुम्हाला वाचायला देईन, असं सांग आणि पाळ. कारखान्यात बघितलेला एकही आकडा मैत्रिणींशी बोलायचा नाही. हेही ट्रेनिंगच आहे.

कॉलेजकडून पत्र घे, मालकांकडून रुजू झाल्याची तारीख आणि वेळ लिहिलेलं पत्र घे. एसटीभाडं आणि दुपारचं जेवण मागायला लाजू नकोस. बी आल्यावर तू रोजच्या कामगारासारखं काम करायला लागलीस तर मजुरीचाही विषय काढ. फुकट राबवून घेण्याला शिकवणं म्हणत नाहीत, हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट असलेलं बरं. शेवटची गाडी किती वाजता आहे ते पहिल्याच दिवशी सांगून ठेव. आणि एक गोष्ट प्रत्येक मुलीला माहीत हवी: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी मुलीही येतात. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. कारखाना ओळखीचा आहे, वेळ येणार नाही, पण माहीत असू दे.

रोजची डायरी संध्याकाळी घरी आल्यावर नको, तिथेच लिही. आज काय केलं हे दोन ओळीत, आणि आज काय कळलं नाही हे सविस्तर. मी शेकडो प्रोजेक्ट तपासली. बहुतेक एका साच्यातली: कंपनीचा इतिहास, स्वॉट, पाई चार्ट, आभार. एक मात्र अजून लक्षात आहे. मालवणच्या एका मुलाने फक्त बर्फाचा हिशेब मांडला होता. होडीवर चढताना किती लाद्या, परत येताना किती उरला, मासळी किती आणि कुठल्या प्रतीची उतरली. एकवीस दिवस तो पहाटे बंदरावर उभा होता. रिपोर्ट चौदा पानांचा, अक्षर वाईट. पण त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं. तुझ्याही रिपोर्टाचा विषय एवढाच अरुंद ठेव. 'काजू उद्योग: एक अभ्यास' असलं नाव देऊ नकोस, 'फेब्रुवारी-मार्चमधल्या खरेदीचा उतारा' असं दे.

आता बायोडेटा. कारखान्याचं नाव वाचून कुणी हुरळून जाणार नाही, हे खरं आहे. पण नावाखालची ओळ तू लिहिणार आहेस. 'मार्केटिंग इंटर्न, दोन महिने' ही ओळ हजार जणांच्या बायोडेटावर असते. 'चाळीस खरेदींचे नमुने तपासून उताऱ्याचा तक्ता केला, ४५ दिवसांवरच्या येण्यांची यादी करून वसुलीचे फोन केले' ही ओळ वाचणारा थांबतो आणि विचारतो, उतारा म्हणजे काय? मग तू बोलायला लागतेस. बँकेत कर्जविभागात बसलेल्या माणसाला, ऑडिट करणाऱ्या सीएला, खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या कंपनीला ही भाषा ताबडतोब कळते. नोकरी मिळेलच अशी हमी मी देणार नाही, तशी कुणीच देऊ शकत नाही. मुलाखतीत सांगायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल, एवढं मी नक्की सांगते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं: 'आईच्या बचत गटाचं कोकमाचं थोडं काम असतं, पण ते धरणार नाहीत.' क्रेडिटमध्ये कॉलेज धरो न धरो, तू का धरत नाहीस? एप्रिल-मेमध्ये रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात, पाऊस पडला की संपलं. तेवढ्या दिवसांत फोडायचे, सोलं, म्हणजे साली, वाळवायची, रसाची पुटं द्यायची, आगळ, म्हणजे रस, मिठात घालून भरून ठेवायचं. गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना बाटल्या नेतात आणि गटाला वाटतं चांगली विक्री झाली. पण एक लिटर आगळाला खर्च किती आला? रतांबे, मीठ, बाटली, लेबल यांचा धरतात. दहा बायकांनी उन्हात घातलेले दिवस धरतात का? मी जेवढे गट बघितले त्यातल्या बहुतेकांनी स्वतःची मजुरी शून्य धरली होती. आईला शेजारी बसवून एका लिटरचा खर्च मांड, मजुरीसकट. आकडा बघून आई गप्प होईल, मग पुढच्या वर्षीच्या भावाबद्दल बोलायला लागेल. गटाला पुढे शिकायचं असेल तर बँक ऑफ इंडिया ही सिंधुदुर्गाची अग्रणी बँक आहे, तिच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत फुकट प्रशिक्षण मिळतं, तिथे चौकशी कर. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तेही गटातल्या किती जणींना ठाऊक आहे ते बघ.

किनाऱ्यावरच्या इतर मुलामुलींनीही हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडचे धंदे हंगामावर चालतात, ट्रेनिंगचे आठवडे त्याप्रमाणे ठरवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णैच्या लिलावाचा अभ्यास करायला गेलात तर मोकळा किनारा दिसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांचा हंगाम असतो तेव्हा गावातली घरं पाहुण्यांना राहायला देतात. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो. एका घराचा महिन्याचा हिशेब मांडायला मिळाला तर पर्यटनाचं अख्खं पुस्तक कळेल. तारकर्लीत मे आणि नाताळ बघा, पण जुलैही बघा, कारण खोल्या रिकाम्या असताना कर्जाचा हप्ता कसा जातो ते जुलैतच कळतं. आंब्याचं तर मार्चपासून कुणालाही हात हवेच असतात.

आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांना, कॉलेजातल्या सर-मॅडमना एक विनंती. मुलं जिथे जातात तिथे एकदा तरी स्वतः जाऊन या. मालकाला कळू दे की या मुलीच्या मागे कुणीतरी आहे. फोनवर 'येते का हो ती?' विचारून मार्क देऊ नका.

तू या रविवारीच बाबांबरोबर जाऊन ये, डिसेंबर उजाडायची वाट बघू नकोस. जाताना जुने कपडे घाल, टरफलाच्या तेलाचा डाग धुऊन जात नाही. आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा त्यांच्याकडे आहे का ते विचारून ये. नसेल तर एखाद्या किराणा दुकानातून किंवा सोनाराकडून आठवडाभर मागून आण. पहिल्या दहा नमुन्यांचे आकडे आले की मला पाठव, मी बघते.